कळसाच्या वर फडकणारी ध्वजा : बाईच्या कवितेतला इतिहास

‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ हा अभंग ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा. ज्ञानदेवांनी पाया रचला, नामदेवांनी विस्तार केला, एकनाथांनी भागवताचा खांब दिला आणि ‘तुका झालासे कळस’. वारकरी पंथाचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास एका देवळाच्या बांधकामात बसवलेला. शाळेतल्या धड्यापासून कीर्तनापर्यंत आपण तो असाच सांगत आलो.

हा इतिहास लिहिला एका बाईनं, शिऊरच्या संत बहिणाबाईनं (१६२८–१७००). खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. दोघींची गल्लत नेहमी होते. शिऊरची बहिणाबाई तुकारामांची शिष्या. ब्राह्मणाघरची बाई स्वतःला शूद्र म्हणवणाऱ्या वाण्याला गुरू मानते, म्हणून तिनं नवऱ्याच्या हातचा मार खाल्ला. हे आपल्याला कळतं ते तिनंच अभंगांत आत्मचरित्र लिहून ठेवलं म्हणून.

पण तिच्या इमारतीत एकही बाई नाही. मुक्ताबाई नाही, जनाबाई नाही, सोयराबाई नाही, कान्होपात्रा नाही. बाई इतिहास सांगायला बसली तरी ओळीनं पुरुषांचीच नावं तोंडात यावीत, इतका तो साचा पक्का. अभंग मात्र कळसापाशी थांबत नाही. गाणारे बहुतेक तिथं थांबतात, तो भाग वेगळा. शेवटी बहिणाबाईची नाममुद्रा येते. एका पाठात ‘बहिणी म्हणे फडकती ध्वजा’ असं आहे, दुसऱ्यात नुसतंच ‘बहिणी फडकती ध्वजा’. ‘म्हणे’ ठेवलं तर ती खाली अंगणात उभी राहून इमारतीचं वर्णन करणारी. ‘म्हणे’ काढलं तर ती स्वतःच कळसाच्या वर फडकणारी ध्वजा.

स्त्रीवादी कविता इतिहासातली बाईची जागा नव्यानं मांडते म्हणजे काय करते, असं कुणी विचारलं तर मी या एका ‘म्हणे’कडे बोट दाखवतो. सांगणारी कोण, जिच्याबद्दल सांगितलं जातं ती कोण, आणि या दोघी एक झाल्या की गोष्ट कशी बदलते, एवढाच हा विषय आहे. नाव जड आहे, गाभा साधा.

उजळणी

अमेरिकन कवयित्री एड्रियन रिच हिनं १९७१ साली एक निबंध लिहिला. त्यात तिनं ‘रिव्हिजन’ हा रोजच्या वापरातला शब्द मध्ये छोटी रेघ घालून तोडला : रि-व्हिजन. म्हणजे जुन्या मजकुराकडे परत वळून, नव्या डोळ्यांनी, दुसऱ्याच दारानं आत शिरून पाहणं. तिच्या मते बायकांसाठी हा निव्वळ साहित्याचा अभ्यास नव्हता, जगण्याची गरज होती.

मराठीत यासाठी ‘पुनर्दृष्टी’ वगैरे शब्द पाडण्याची गरज नाही. आपल्याकडे ‘उजळणी’ आहे. शाळेत आपण उजळणी म्हणजे बे एके बे घोकतो. तेच ते, चूक न करता. पण शब्दात ‘उजळ’ आहे. काळवंडलेलं भांडं चिंचेनं घासून उजळावं, तशी जुन्या गोष्टीची उजळणी करता येते. भांडं तेच असतं. वरची काजळी निघाली की खाली कुणाचं तरी कोरलेलं नाव दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण वाद तिथूनच सुरू होतो. ‘जे घडलं’ आणि ‘जे लिहिलं गेलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घडतं सगळ्यांच्या बाबतीत. लिहिलं जातं ते लिहिणाऱ्याला महत्त्वाचं वाटेल तेवढंच : लढाया, तह, वतनं, गादीचे वारस. बाई या नोंदींत येते ती कुणाची तरी आई, बायको, मुलगी म्हणून, नाहीतर सती गेली म्हणून. पाणी कोणी भरलं, दुष्काळात पोरांना काय रांधून घातलं, याचा कागद कोणी करत नाही. आयरिश कवयित्री इव्हान बोलंड हिनं आपल्या कवितांच्या एका मालिकेला ‘इतिहासाबाहेर’ अशा अर्थाचंच नाव दिलं होतं. भूतकाळात बायका आहेत, इतिहासात नाहीत. कवितेला काम मिळतं ते या दोहोंमधल्या फटीत.

इतिहासकारानं इथं थांबायचं असतं. पुरावा नसेल तर त्यानं बोलू नये. कवीला मात्र ‘असं असेल का?’ म्हणायची मुभा आहे. ही मुभा म्हणजे खोटं बोलण्याचा परवाना असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही, पण तिचा गैरवापर होतो हेही खरं. त्याकडे पुढे येऊ.

जात्यावरची सीता

अशी उजळणी करणाऱ्या कवितेची सुरुवात विसाव्या शतकात झाली असं पुस्तकांत वाचायला मिळतं. महाराष्ट्रातल्या बायांना हे सांगितलं असतं तर त्या दळता दळता हसल्या असत्या. ही एक ओवी बघा. दुसऱ्या कुठल्या मुलखात ती थोड्या फरकानंही ऐकू येईल :

राम म्हणू राम, राम न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

दोन ओळींत केवढा उलटफेर आहे! पहाटे दळताना रामाचं नाव घ्यायचं, हा रिवाज. म्हणून सुरुवात रीतसर होते : राम म्हणू राम. आणि त्याच दमात तराजू निघतो. ‘तोलाचा’ हा शब्द बाजारातला, सोनाराच्या दुकानातला. एका पारड्यात सीता, दुसऱ्यात राम. सीता हिरकणी, म्हणजे हिऱ्याची कणी. आकारानं एवढीशी, पण मोलाची. तिचं पारडं खाली जातं आणि रामाचं वर. वर गेलं म्हणजे ते हलकं. मग ‘हलक्या दिलाचा’ येतं आणि या हलकेपणाला दुसरा अर्थ फुटतो : कोत्या मनाचा, लोकांच्या बोलण्यानं डळमळणारा. वजनाची उपमा दोन्ही ओळींत पक्की धरून ठेवली आहे. ज्या बाईनं ही पहिल्यांदा जुळवली तिला अक्षर येत नसणार. कारागिरी मात्र अस्सल आहे.

तिनं कथा बदललेली नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. वनवास तोच, अग्नीची परीक्षा तीच, गरोदर बाईला रानात सोडणंही तेच. बदलली ती न्यायासनाची जागा. रामायणात न्याय राजा करतो, इथं जात्याच्या खुंट्याला हात लावून बसलेली सून करते. आणि ती धर्मशास्त्र काढत नाही. रोज डाळ-दाणे मापून घेणारी बाई आहे ती, तिनं नवरा-बायकोला मापात घातलं.

दुसऱ्या ओव्यांत सीतेला मिळालेला सासुरवास इतका येतो की एकटीला तो पेलत नाही, म्हणून ती तो गावोगावच्या सयांना वाटून देते. हसू येतं, मग गप्प व्हायला होतं. कारण ही ओवी इतिहासाचा कार्यकारणभाव सांगते आहे. आमच्या वाट्याला हे का आलं? कर्म, प्राक्तन वगैरे उत्तरं तिथं हजर होतीच. ओवी तिसरं उत्तर देते : हे सीतेपासून चालत आलं, वाटणीत मिळालं, जमिनीसारखं. तिच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी पुरुषांनी घेतल्या, दुःख तेवढं बायांच्या नावे राहिलं.

कैकेयीची एक गोष्टही या गाण्यांत फिरते. ती सीतेला म्हणते, रावण कसा होता ते काढून दाखव. सीता म्हणते, मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलंच नाही, पायाचा अंगठा तेवढा दिसला. ती अंगठाच काढते. कैकेयी त्यावर उरलेला रावण पुरा करते आणि रामाला दाखवते. एका अंगठ्यापायी बाई बदनाम. ज्या घरात सासू, जावा, नणंदा मिळून सुनेच्या बोलण्यातल्या एका शब्दाला हात-पाय लावतात, त्या घरात हे रामायण वाल्मीकींच्या रामायणापेक्षा खरं वाटलं तर नवल नाही.

आणि हे महाराष्ट्रापुरतं नाही. बंगालात, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंह भागात, सोळाव्या शतकात चंद्रावती नावाची कवयित्री होऊन गेली. तिच्या रामायणात युद्ध जवळपास उरकून टाकलेलं आहे. सीता सख्यांमध्ये बसून आपल्या आयुष्याची हकीकत स्वतः सांगते. चित्राचा प्रसंग तिथंही आहे; चित्र काढायला लावणारी तिथं कैकेयीची मुलगी कुकुआ आहे. आणि चंद्रावती मध्येच स्वतःच्या आवाजात रामाला बोल लावते. रामायण म्हणून हे काव्य अपुरं, कच्चं आहे असं अभ्यासक बराच काळ मानत आले. बंगाली लेखिका नवनीता देव सेन यांनी ते नीट वाचलं आणि सांगितलं की हे अपुरं रामायण नाही, ही पुरी सीतेची गोष्ट आहे. त्यांनीच बंगाली, मैथिली, तेलुगू गाण्यांबरोबर आपल्या मराठी ओव्याही मांडून दाखवल्या. कुठल्याच मुलखात बायांना रावणवधात फारसा रस नाही. सगळीकडे रस आहे तो लग्नात, बाळंतपणात, टाकून दिलं जाण्यात.

कुणाला वाटेल, लढाई गाळून रामायण कसलं? मग उलट विचारावं : बाळंतपण गाळून इतके दिवस चाललंच होतं ना?

एका ओळीची बाई

आता लेखी कवितेकडे. इंग्लंडमध्ये शेक्सपिअर १६१६ साली वारला. त्याच्या मृत्युपत्रात बायकोच्या वाट्याला एकच ओळ येते : माझा दुसऱ्या प्रतीचा पलंग तिला द्यावा. अॅन हॅथवेबद्दल जगाला जे ठाऊक आहे त्यात ही ओळ सगळ्यांत गाजलेली, आणि तिच्यावरून चारशे वर्षं खुसखुस चालू आहे. ब्रिटिश कवयित्री कॅरल अॅन डफी हिनं १९९९ च्या ‘द वर्ल्ड्स वाइफ’ या संग्रहात अॅनलाच बोलायला लावलं. कवितेची बाजू अशी की चांगला पलंग पाहुण्यांसाठी राखलेला असायचा. दुसरा पलंग म्हणजे त्या दोघांचा. ज्या ओळीत अपमान वाचला जात होता त्याच ओळीत प्रेम निघालं. डफीनं एकही नवा कागद शोधला नाही. ती फक्त दुसऱ्या बाजूनं पलंगावर बसली.

अशी एक ओळ आपल्याकडेही आहे. तुकारामांनी स्वतःची हकीकत सांगितली तो अभंग : ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’. त्यात १६३० च्या त्या भयंकर दुष्काळाबद्दल ते लिहितात :

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

‘स्त्री एकी.’ ही त्यांची पहिली बायको. परंपरा तिचं नाव रखमाबाई सांगते. या ओळीत नाव नाही. तुकारामांवर हा ठपका नाही. उलट, बायको भुकेनं मेली हे सतराव्या शतकातला कोणता पुरुष असा उघडा लिहितो? पण अभंग तिथून पुढे जातो : लाज वाटली, दुःखानं त्रासलो, व्यवसायात तूट आली, मग देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. म्हणजे तिचं मरण ही त्यांच्या परमार्थाची एक पायरी होते. दुसरी बायको जिजाई, आवली, हिच्या वाट्याला कीर्तनात काय येतं ते ठाऊकच आहे. कजाग, करवादणारी, विठ्ठलाला शिव्या घालणारी. श्रोते हसतात. एकीचं नाव नाही, दुसरीचा आवाज आहे पण तो विनोदासाठी.

स्त्रीवादी कविता अशी ओळ सापडली की तिथं थांबते. ‘अन्न अन्न’ म्हणणारी बाई हे शब्द कोणाला उद्देशून म्हणत होती? घरात तेव्हा कोण कोण होतं? शेवटचा दाणा कोणाच्या ताटात गेला? ती किती वर्षांची होती? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कागदावर नाही. पण प्रश्न विचारला की अभंग वाचण्याची गती बदलते. पुढच्या ओळीवर पटकन जाववत नाही.

हे काम किती अवघड आहे ते कळावं म्हणून मी स्वतः एक ओवी जुळवून पाहिली :

अन्न अन्न केलं, साऱ्या देहूनं ऐकलं
नाव माझं काय, कोनी न्हाई इचारलं

लिहून झाल्यावर अर्धा दिवस खूश होतो. मग लक्षात आलं की पहिली ओळ तिची आहे, दुसरी माझी. भुकेनं प्राण कासावीस झालेली बाई इतिहासात आपलं नाव नाही म्हणून कशाला रडेल? तिला भाकरी हवी होती. नावाची खंत माझी, पुस्तकं वाचणाऱ्याची, आणि मी ती तिच्या तोंडात कोंबली. ओवी खोडली.

मघाशी ज्या गैरवापराबद्दल म्हटलं तो हा. मेलेल्या माणसाला बोलायला लावणं सोपं असतं, कारण ते हरकत घेत नाही. या प्रकारच्या पुष्कळ कविता इथंच घसरतात. द्रौपदी, अहल्या, कुंती, गांधारी सगळ्या जणी आजच्या व्याख्यानातली वाक्यं बोलायला लागतात, आणि त्यांच्यातला फरकच पुसला जातो. पूर्वी त्या सगळ्या पतिव्रता होत्या, आता सगळ्या बंडखोर. जात्यावरची ओवी या खड्ड्यात पडत नाही, कारण गाणारीला सीतेच्या वतीनं बोलायचंच नसतं. ती सीतेबद्दल बोलते आणि स्वतःचं मत देते, रोजच्या मापानं. कोण बोलतंय हे तिथं लपलेलं नाही.

देवी करून टाकलं की प्रश्न मिटला?

दुसरा सापळा गौरवाचा. राजाराम महाराज १७०० साली वारले आणि पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, ताराबाईंनी मराठ्यांचं युद्ध चालवलं. तेव्हा त्या पंचविशीत होत्या. त्यांच्याबद्दलच्या प्रसिद्ध ओळी अशा :

दिल्ली झाली दीनवाणी । दिल्लीशाचें गेलें पाणी ।
ताराबाई रामराणी । भद्रकाली कोपली ॥

ओळी जोरकस आहेत. पण सैन्याची हालचाल, सरदारांची मनधरणी, पैशांची जुळवाजुळव, हे सगळं एका शब्दात विरघळलं : भद्रकाली. पुरुष जिंकला तर मुत्सद्दी, बाई जिंकली तर देवी. देवीचं कौतुक करता येतं, तिच्याकडून शिकण्यासारखं काही उरत नाही, कारण तिला जमलं ते ती देवी होती म्हणून.

सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ १८५४ साली निघाला. तेव्हा त्या जेमतेम तेवीस वर्षांच्या. त्यात ताराबाईंवर कविता आहे, आणि तिथंही रणातली चंडिका येतेच. मला हे खटकत नाही. बाईच्या पराक्रमासाठी भाषेत तेव्हा दुसरा शब्दच नव्हता. पण त्याच संग्रहात त्या दुसरं एक काम करतात, आणि ते जास्त धारदार आहे. ‘मनु म्हणे’ या कवितेत त्या मनूचं म्हणणं त्याच्याच नावानं मांडतात : नांगर धरणारे, शेती करणारे मठ्ठ असतात, ‘मनु म्हणे’. अभंगात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी नाममुद्रा येते. ती जागा सावित्रीबाईंनी मनूला दिली. म्हणजे जे इतके दिवस जगाचा नियम म्हणून चालत होतं ते एका माणसाचं मत होऊन बसलं. शास्त्राला त्यांनी कवीएवढं केलं. आपण सुरुवातीला ज्या ‘म्हणे’पाशी थांबलो होतो, तोच ‘म्हणे’.

बोलंडचं आयर्लंडही या बाबतीत आपल्याला परकं वाटणार नाही. इंग्रजांविरुद्धच्या आयरिश कवितेत देश म्हणजे एक बाई : कधी रूपवती तरुणी, कधी सोशीक म्हातारी, मुलांचं रक्त मागणारी. बोलंड म्हणते की देशाला बाई केलं तेव्हा खऱ्या बायका शोभेच्या झाल्या. आपल्याकडे भारतमातेच्या तसबिरीखाली बसलेल्या सभेत किती बायका असायच्या, तेवढं आठवून पाहावं.

यशू

आता एका कवितेकडे, जी मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त आवडते. हिरा बनसोडे यांची ‘यशोधरा’.

यशोधरा म्हणजे सिद्धार्थ गौतम रात्री न सांगता जिला सोडून गेला ती त्याची बायको. तिच्यावर पुरुषांनीही लिहिलं आहे, आणि मनापासून लिहिलं आहे. हिंदीत मैथिलीशरण गुप्तांचं ‘यशोधरा’ १९३३ मधलं. त्यातल्या ‘सखि, वे मुझसे कहकर जाते’ या ओळी हिंदी शिकलेल्या पुष्कळांना पाठ असतील. ती म्हणते, सांगून गेले असते तर मी अडवलं थोडंच असतं? त्याच काव्यात ‘आँचल में है दूध और आँखों में पानी’ आहे. करुणा खरी आहे. पण शेवटी बाई म्हणजे पदराखाली दूध आणि डोळ्यांत पाणी. तिची तक्रारसुद्धा चांगल्या बायकोची तक्रार आहे.

हिरा बनसोडे आंबेडकरी चळवळीतून आलेल्या, म्हणून त्यांच्यासाठी बुद्ध हा सांस्कृतिक वारसा वगैरे नाही, तो मुक्तिदाता आहे. त्याच्यावर ठपका ठेवणं सोपं नाही, आणि त्या ठेवतही नाहीत. पण प्रश्न सोडत नाहीत. त्या थेट यशोधरेशी बोलतात, बहिणीशी बोलावं तसं. तुझ्या त्यागाची गोष्ट इतिहास सांगत नाही. सीता-सावित्रीसारखं तुझं नाव पुराणांत गेलं असतं, तेही झालं नाही. एकाही विहारात तू दिसत नाहीस, या अन्यायाची मला लाज वाटते. मग कविता वळते. थांब, दुःख करू नकोस, मी तुझा चेहरा पाहिला आहे : सिद्धार्थाच्या मिटलेल्या पापण्यांच्या आत. आणि तिथं कवयित्री तिला ‘यशू’ म्हणते.

पाली परंपरेत तिचा उल्लेख बहुतेक वेळा ‘राहुलमाता’ असा होतो. राहुलमातेपासून यशूपर्यंत, म्हणजे मुलाच्या नावानं ओळखली जाणारी बाई ते मैत्रीण लाडानं जिला हाक मारते ती. शिवाय ती जागा! ध्यानस्थ बुद्धाची मूर्ती विहाराविहारांत असते आणि तिचे डोळे बहुतेक वेळा मिटलेले, निदान अर्धे मिटलेले असतात. हजारो वर्षं सगळ्यांनी पाहिलेल्या त्या पापण्यांच्या मागे कवयित्रीनं एक बाई बसवली. मूर्ती फोडली नाही, शेजारी दुसरी उभारली नाही. पण ही कविता वाचल्यावर बुद्धमूर्तीकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही, निदान मला तरी येत नाही.

त्या मिटल्या डोळ्यांत यशूच असेल हे कशावरून? काहीच पुरावा नाही. पण माझ्या खोडलेल्या ओवीपेक्षा इथं वेगळं काय, ते बघा. बनसोडे यशोधरेला बोलायला लावत नाहीत. लाज वाटते ती ‘मला’, पाहिलं ते ‘मी’. यशोधरा गप्पच आहे. बोलणारी आपल्या नावानिशी, आपल्या शतकातून बोलते, अगदी जात्यावरच्या बाईसारखी.

इथं जातीचा मुद्दा टाळता येत नाही. ‘इतिहासातली बाई’ म्हटलं की राण्या, देवी आणि संतांच्या बायका डोळ्यांपुढे येतात. चौदाव्या शतकात चोखामेळ्याची बायको सोयराबाई विचारत होती :

देहासी विटाळ म्हणती सकळ ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला ।
सोवळा तो झाला कवण धर्म ॥

विटाळ दोन्हीकडून : महार म्हणून आणि बाई म्हणूनही. सीतेला घराबाहेर काढलं, पण घर होतं तरी. सोयराबाईला देवळाच्या आतच जाता येत नव्हतं. म्हणून दलित कवयित्रींची उजळणी वेगळी होते. त्यांना पुराणातल्या राणीची बाजू मांडून भागत नाही, आईची हजेरी आधी लावावी लागते. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या मुलाखती घेऊन पुस्तक केलं, त्याचं नावच ‘आम्हीही इतिहास घडवला’. ते गद्य आहे, पण त्या ‘ही’वर जेवढा भार आहे तेवढा अख्ख्या कवितेत मावणार नाही.

आणि एक फार जुना आवाज. थेरीगाथेत, बुद्धाच्या काळापासून चालत आलेल्या भिक्षुणींच्या ७३ रचनांत, मुत्ता नावाची थेरी म्हणते की मी तीन वाकड्या गोष्टींतून सुटले : उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. पुढे ती जन्म-मरणातून सुटल्याचंही सांगते, पण यादी सुरू होते स्वयंपाकघरातून. हजारेक वर्षांहून अधिक काळानं जनाबाई त्याच उखळापाशी बसून म्हणते, ‘दळितां कांडितां तुज गाईन अनंता’. एक ते टाकून निघाली, दुसरीनं देवालाच तिथं आणून दळायला बसवलं. दोघींपैकी कोण जास्त स्त्रीवादी असा वाद पुण्यातल्या कुठल्याही चर्चासत्रात दिवसभर चालेल. मला दोघी हव्यात.

दळण गिरणीवर गेलं आणि ओव्या थांबल्या, म्हणजे पहाटे म्हणायचं कारण उरलं नाही. गी प्वातव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून त्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यांतल्या पुष्कळ आता इंटरनेटवर ऐकता येतात. आवाज म्हातारे आहेत, मध्येच खोकला येतो, एखादी ओळ विसरते आणि शेजारची ती पुरी करते. प्रत्येक ओवीखाली गाव, तालुका लिहिला आहे. आणि गाणारीचं नाव, आडनावासकट.